शंभर टक्के साठा

संजय मेश्रामांना आयुष्यात कधी काही कमी पडलं नव्हतं. काहीतरी कमी पडेल या धास्तीने ते कायम अर्धमेले असायचे, त्याचाच हा फायदा.

पाटबंधारे खात्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली. धरणात किती पाणी आहे ते रोज सकाळी वरच्या ऑफिसला कळवायचं, हे त्यांचं काम. ही सवय त्यांच्या हाडीमाशी इतकी भिनली की बायकोने, ललिताबाईंनी, साखर किती आहे असं विचारलं तर ते डब्यात डोकावून म्हणत, "उपयुक्त साठा चाळीस टक्के. मागवून ठेव." गाडीच्या टाकीत काटा अर्ध्याच्या खाली आला की त्यांना रात्री झोप लागत नसे. दहा वर्षं जुनी ती बारकी गाडी, पण तिच्या टाकीने तळ कसला तो पाहिला नव्हता.

तर नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी टीव्हीवर बातमी आली. पुण्याला पेट्रोल आणणाऱ्या पाइपलाइनच्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी परदेशात बसून शिरलं होतं आणि कुलूप लावून मोकळं झालं होतं. पेट्रोल होतं, पाइप होता, फक्त पाइपला पेट्रोल सोडायचा हुकूम देणारं यंत्र गप्प बसलं होतं. निवेदिका म्हणाली, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ते ऐकल्याबरोबर सगळं पुणे पंपावर गेलं.

संजयरावांनी चहाचा घोट घेतला आणि ते मनातल्या मनात हसले. कालच, रविवारी, त्यांनी आपल्या आईला, गोदाबाईंना, पुणे स्टेशनवरून घरी आणलं होतं. वाटेत पंप दिसला म्हणून टाकी भरून घेतली होती. पंपावरच्या माणसाचा पाइप आपोआप बंद झाला तरी त्यांनी त्याला "अजून थोडं, अजून थोडं" करत पार गळ्यापर्यंत भरायला लावलं होतं. शंभर टक्के साठा! गोदाबाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या, भंडाऱ्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या. त्यामुळे ही गोष्ट एकट्या संजयरावांनाच ठाऊक होती.

टाकी भरल्याची ही बातमी ललिताबाईंना सांगावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बेल वाजली.

दारात वरच्या मजल्यावरचा रोहन होता. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करायचा. सकाळपासून सोसायटीतले पाचजण त्याला "तुमच्याच लाईनचं ना हे, मग करा की दुरुस्त" असं म्हणून गेले होते, त्यामुळे चेहरा पडलेला.

"काका, सॉरी, सकाळी सकाळी त्रास देतोय. स्कूटर एकदम ड्राय आहे. उद्या ऑफिसला क्लायंट येतायत, जावंच लागणार. दोन लिटर मिळेल का?"

दोन लिटर म्हणजे काहीच नाही. टाकीत पस्तीस होतं. शनिवारी पहाटे खडकवासल्याला जायला आणि यायला मिळून तीन लिटर फार झाले. पण संजयरावांच्या डोक्यात हिशेब असा सरळ चालत नसे. रस्ता बंद असला तर? दुसऱ्या रस्त्याने जाताना पास घरी राहिल्याचं आठवलं तर? रोहनला दिलं म्हणून बाकीचे तेवीस फ्लॅट रांग लावून आले तर? पाइपलाइन सहा महिने सुरूच झाली नाही तर?

"अरे," संजयराव म्हणाले, "माझीच टाकी रिकामी आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच इतकं सहज खोटं बोलून गेले ते. स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

मागे भांडं पडल्याचा आवाज आला. ललिताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"अहो, मग शनिवारचं काय?"

शनिवारचं सांगायलाच हवं. त्यांचा एकुलता एक मुलगा अभिनव तीन वर्षांपूर्वी खडकवासल्याच्या प्रबोधिनीत सैन्याच्या शिक्षणासाठी गेला होता. शनिवारी त्याची शेवटची परेड. त्या मैदानावरून तो एकदाच चालत जाणार होता आणि त्याच्या आईबापांना ते एकदाच बघायला मिळणार होतं. पासवर स्पष्ट लिहिलं होतं: साडेसहाला फाटक बंद, नंतर कोणालाही प्रवेश नाही. बिबवेवाडीतून इतक्या पहाटे बस पोचत नव्हती. पुण्यातला रिक्षावाला तर पेट्रोल, गॅस, सगळं मुबलक असतानाही खडकवासल्याला येत नाही. ब्याऐंशी वर्षांच्या गोदाबाई भंडाऱ्याकडच्या पवनीहून एवढ्याचसाठी आल्या होत्या. त्यांचे यजमान कचरू मेश्राम जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत, भाताच्या चिखलात राबले. त्यांच्या नातवाला लोक आता सॅल्यूट ठोकणार होते.

"होईल काहीतरी," संजयराव पुटपुटले. रोहन गेला की बायकोला खरं सांगायचं असं त्यांनी ठरवलं. पण रोहन गेल्यावर ललिताबाई डोळ्याला पदर लावून बसल्या, आणि संजयरावांच्या लक्षात आलं की यांना आत्ता खरं कळलं तर तासाभरात त्या हसऱ्या चेहऱ्याने जिन्यातून खाली उतरतील आणि सगळ्या सोसायटीला समजेल. ललिताबाईंचा चेहरा म्हणजे सूचनाफलक होता. शनिवारपर्यंत कळ काढू, त्यांनी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून घरात वंदना झाली. पंचशील म्हणताना गोदाबाईंचा आवाज एरवी तांदूळ निवडल्यासारखा बारीक चाले. पण चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, तो असा काही चढला की शेजारच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकला.

"माय, घसा दुखेल," संजयराव म्हणाले.

"दुखू दे बाबू," गोदाबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी सोसायटीत कोणाच्या तरी मोटरसायकलमधलं पेट्रोल नळी लावून काढून नेलं, अशी वार्ता पसरली. संजयराव तडक खाली गेले आणि त्यांनी गाडीच्या मागच्या काचेला पांढरा पुठ्ठा चिकटवला. पंचवीस वर्षं पुण्यात काढली होती, कुठल्या प्रसंगी काय करायचं हे त्यांना आता शिकवावं लागत नव्हतं. पुठ्ठ्यावर लिहिलं:

"टाकी रिकामी आहे. नळी लावून खात्री करू नये."

पाटीवर पुणेकर शंका घेत नाही. चिडतो, पण विश्वास ठेवतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या तुषार सोसायटीला माहीत झालं की मेश्रामांची टाकी कोरडी आहे आणि शनिवारी पोराची परेड आहे. लोक जिन्यात थांबून हळहळायला लागले. संजयरावांना त्या हळहळीचा घाम फुटायचा. तरी ते चेहरा पाडून मान हलवायचे, आणि रोज चार वेळा पार्किंगमध्ये जाऊन, कोणी बघत नाही असं पाहून, काटा जागेवर आहे ना ते बघून यायचे.

बुधवारी रोहनने सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक सूचना टाकली. हल्ला करणारे आता लोकांच्या फोनमध्येही शिरतील, अनोळखी नंबरवरून आलेली कुठलीही लिंक उघडू नका. ही सूचना पंचवीस फ्लॅटपैकी एकाच माणसाने शेवटपर्यंत वाचली. अर्थातच संजयरावांनी.

आणि दुपारी त्यांना तसला मेसेज आलाच. अनोळखी नंबर. इंग्रजीत. "डिअर पेरेंट" अशी सुरुवात आणि खाली निळी लिंक. आपण बाप आहोत हेसुद्धा या लोकांना कळलं, म्हणजे आपली सगळी माहिती फुटली! पुढचं अक्षरही न वाचता त्यांनी मेसेज उडवला. संध्याकाळी दुसऱ्या नंबरवरून तोच मेसेज. उडवला. गुरुवारी सकाळी तिसरा. त्यांनी तिन्ही नंबर बंद करून टाकले आणि ललिताबाई "हे डिअर पेरेंट काय आहे?" असं विचारत असतानाच त्यांच्या फोनमधूनही तेच काम केलं. आपण पाइपलाइनवाल्यांपेक्षा हुशार निघालो, असं त्यांना क्षणभर वाटलं. गेल्या चार दिवसांत तेवढाच काय तो आनंद.

तो गुरुवारी दुपारपर्यंत टिकला. तीन वाजता दारात सोसायटीचे चेअरमन रंगराव उभे राहिले. रंगराव मूळचे सासवडच्या पलीकडचे. तीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या हलवून मग स्वतःचा गाळा केलेला. एखादी गोष्ट करायची ठरवली की तिला खांदा लावणार म्हणजे लावणार.

"मेश्रामसाहेब, चला. वरच्या पंपावर ट्यांकर आलाय. माझा भाचा तिथंच हाय, त्यानं फोन केला."

"पण गाडी... टाकी रिकामी आहे ना," संजयराव म्हणाले. "तिथपर्यंत न्यायची कशी?"

"आपण ढकलू की."

खाली रोहन आणि आणखी चौघं बाह्या सरसावून उभे होते. संजयरावांना स्टिअरिंगवर बसवलं. ललिताबाई पुढच्या सीटवर. त्यांनी हात जोडले होते. आणि मिरवणूक निघाली.

बिबवेवाडीतून वरच्या पंपाचा रस्ता सरळ असता तरी एक वेळ चाललं असतं. तो चढ आहे. साधासुधा नाही, पहिल्या गिअरमध्ये गाडीसुद्धा कुरकुरते असला. संजयराव न्यूट्रलमध्ये गाडी टाकून स्टिअरिंग धरून बसले होते. समोर किल्ली लोंबत होती. ती एकदा फिरवली असती तर गाडी टुणकन वर गेली असती. आरशात रंगरावांचं लालबुंद तोंड दिसत होतं, त्याच्या बाजूला रोहनचं, आणि दोघांच्या मधोमध पाटीची कोरी पाठ.

"काका," रोहन धापा टाकत ओरडला, "रिकामी गाडी एवढी जड कशी? डिकीत काही आहे का?"

"स्टेपनी," संजयराव खिडकीतून म्हणाले.

"एकच ना?"

संजयरावांनी काच वर केली.

पंपावर पोचेपर्यंत रंगरावांच्या शर्टाचं पार पोतेरं झालं होतं. रांग कोपऱ्यापर्यंत होती, पण भाच्याच्या ओळखीने मधे जागा मिळाली. पुढे नऊ गाड्या. आणि आता संजयरावांना नवीनच गोष्ट सुचली. नंबर आल्यावर हे लोक झाकण उघडणार, पाइप आत घालणार आणि पहिल्याच थेंबाला पेट्रोल बाहेर येणार. रंगरावांच्या, रोहनच्या, ललिताच्या डोळ्यांदेखत.

आठ गाड्या. सात. संजयरावांची कानशिलं तापली. त्या सबंध रांगेत, किंबहुना त्या सबंध शहरात, पेट्रोल लवकर संपू दे म्हणून जीव टांगणीला लागलेला तो एकच माणूस होता. चार. तीन. शेजारी ललिताबाई पुटपुटत होत्या, "मिळू दे, एवढं मिळू दे." नवराबायको पहिल्यांदाच एका गाडीत बसून दोन उलट्या गोष्टी मागत होते.

दोन. एक. पुढची गाडी भरून निघाली, संजयरावांनी डोळे मिटले, आणि पंपावरच्या माणसाने पाइप जागेवर अडकवून हात झटकले.

"संपलं. उद्या बघा."

संजयरावांनी असा सुस्कारा सोडला की ललिताबाईंना वाटलं नवरा खचला. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि रडायला लागल्या. मागे रंगराव रुमालाने मान पुसत होते. रोहनने नुसतं म्हटलं, "काका, टेन्शन नका घेऊ, जाताना उतार आहे." संजयरावांना त्या वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की सांगून टाकावं असं ओठांवर आलं. पण सहा माणसांना अर्धा तास चढावर ढकलायला लावून झाल्यावर खरं कसं सांगायचं? ते काम सोमवारीच करायला हवं होतं. आता ते रोज थोडं थोडं महाग होत चाललं होतं.

शुक्रवारी ललिताबाई दिवसभर घरात नव्हत्या. संध्याकाळी त्या आल्या त्या रंगरावांना आणि निम्म्या सोसायटीला घेऊनच. रंगरावांच्या हातात गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन होता आणि त्यात गळ्यापर्यंत पेट्रोल.

"अकरा घरांतून गोळा झालं," ललिताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा चार दिवसांनी उजळला होता. "कोणी पाव लिटर, कोणी अर्धा. रोहनने आज चार तास रांगेत उभं राहून एक लिटर मिळवलं होतं, ते सगळं दिलं."

"अगं, त्याला ऑफिस..."

"घरून काम करतो म्हणाला. कालच्या कालच दोन मीटिंगा बुडाल्या त्याच्या, आपल्यापायी."

मागे खुर्चीत गोदाबाई बसल्या होत्या. त्या मुलाकडे बघत राहिल्या.

"चला, वतून टाकू," रंगराव म्हणाले.

"नको!" संजयराव किंचाळलेच. मग सावरले. "म्हणजे, आत्ता नको. रात्रीत कोणी नळी लावून काढून नेलं तर? पहाटे टाकू. निघताना."

रंगरावांना ते पटलं. फार पटलं. "बराबर. मग कॅन मी माझ्याजवळ ठिवतो. पहाटे पाचला खाली हाय मी."

पाचला. म्हणजे आपण चारला निघायचं, संजयरावांनी मनात म्हटलं. दीड तास फाटकाबाहेर थांबू, आपल्याला त्याची सवय आहेच. परत आल्यावर कॅन जसाच्या तसा सगळ्यांना वाटून टाकू. सांगू, की टाकीत तळाला थोडं निघालं. त्यांना प्रथमच जरा हलकं वाटलं.

पहाटे चारला कडाक्याच्या थंडीत मेश्राम कुटुंब पाय न वाजवता जिना उतरलं. ललिताबाई विचारत होत्या, "अहो, पेट्रोल टाकल्याशिवाय कसे निघणार?" आणि संजयराव "चल गं, चल" एवढंच म्हणत होते. पार्किंगमध्ये पोचले आणि थांबले.

गाडीला टेकून, कानटोपी घालून, घोंगडी पांघरून रंगराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर कॅन.

"मला वाटलंच तुम्ही लवकर निघणार," ते म्हणाले. "तुमचा सोभाव म्हायत हाय की. आगगाडीला दोन तास आधी जाणारा माणूस. म्हटलं, चुकामूक नको."

आवाजाने रोहन उतरला. दोन-चार खिडक्या उघडल्या. कोणीतरी पाण्याच्या बाटलीचं नरसाळं कापून ठेवलं होतं. संजयराव झाकणापुढे आडवे उभे राहिले, मग म्हणाले खटका बिघडलाय, मग म्हणाले थंडीत पेट्रोल टाकू नये असं कुठेतरी वाचलंय. रंगरावांनी त्यांना हलकेच बाजूला केलं, दार उघडून सीटखालचा खटका ओढला, झाकण फिरवलं, नरसाळं बसवलं आणि कॅन कलता केला.

वाटीभर पेट्रोल आत गेलं असेल, नसेल. मग नरसाळं भरलं. मग ते काठावरून उतू गेलं आणि रिकाम्या टाकीचं पेट्रोल रंगरावांच्या दोन्ही चपलांवर सांडलं.

पाटबंधारे खात्यात याला विसर्ग सुरू झाला असं म्हणतात. संजयरावांना तेवढंच आठवलं.

रंगरावांनी कॅन सरळ केला. पायांकडे पाहिलं. मग काचेवरच्या पाटीकडे पाहिलं. मग पुन्हा पायांकडे. रोहन आपले खांदे चोळत होता, गुरुवारपासून दुखत होते ते. ललिताबाई नवऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा, तो सूचनाफलक, या वेळी कोणालाच वाचता येत नव्हता.

"भरलेली आहे," संजयराव म्हणाले. "रविवारपासून. शंभर टक्के. मी घाबरलो होतो. पोराची परेड चुकेल म्हणून घाबरलो, आणि मग... मग सांगायलाही घाबरलो."

तेवढ्यात गोदाबाई काठी टेकत पुढे आल्या.

"मले मालूम होतं बाबू. मी होती न गाडीत."

"माय, तू झोपली होतीस."

"डोळे मिटले म्हणजे मानूस झोपते काय? तू त्या पंपावाल्याले अजून टाक, अजून टाक करून राहिला होता. रोज सकाळी मी चौथं शील मोठ्यानं म्हणलं. मले वाटलं, आज सांगशीन, उद्या सांगशीन."

संजयरावांनी मान खाली घातली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण त्या घटकेला पवनीच्या शाळेत खोटं बोलून सापडलेला पोरगा झाला होता. रडू आलं त्यांना.

रंगरावांनी कॅनला झाकण लावलं. "बसा," ते म्हणाले. "आम्ही ढकलायचं का तुमचं तुम्ही जाताय?"

एवढंच. पुणेकर शिव्या देत नाही, त्याहून वाईट करतो.

पाचच्या आत ते खडकवासल्याला पोचले. वाटभर गाडीत कोणी बोललं नाही. फाटकाबाहेर त्यांचीच गाडी पहिली होती. सहाच्या सुमाराला मागून दिवे दिसले. एकामागून एक आठ मोठ्या बस आल्या आणि त्यांच्यातून शेकडो आईबाप उतरले, साड्या न चुरगळलेल्या, काहींच्या हातात चहाचे कागदी पेले. ही मंडळी एवढ्या टंचाईत बसने कशी आली, हा विचार संजयरावांच्या मनात डोकावला, पण मागे बसलेल्या ललिताबाईंकडे वळून पाहायची त्यांना भीती वाटली.

परेड सुरू झाली. शेकडो पोरं, सगळी सारखी. सारख्या टोप्या, सारखे हात, सारखी पावलं. संजयराव आणि ललिताबाई दुर्बिणीवरून भांडायला लागले. पार्किंगमधून निघाल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं.

"तो पाय," गोदाबाई म्हणाल्या. दुर्बिणीशिवाय. "तिसऱ्या रांगेत. आज्यासारखा चालते. डावा पाय कसा दाबून टाकते, चिखलात टाकल्यासारखा."

आणि खरंच, तिसऱ्या रांगेत अभिनव होता. चकचकीत बुटांत, पांढऱ्या हातमोज्यांत, बांधीतल्या चिखलातून चालणाऱ्या कचरू मेश्रामांचं पाऊल टाकत. ललिताबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. माफ केलं असं नाही, पण धरला.

परेड संपल्यावर अभिनव धावत आला. आजीच्या पाया पडला, आईच्या गळ्यात पडला.

"बाबा, बसमध्ये जागा नीट मिळाली ना?"

"कुठली बस?"

"अहो, पेट्रोलच्या भानगडीमुळे सगळ्या पालकांसाठी इथून बस पाठवल्या होत्या. स्वारगेटवरून पावणेपाचला. तुम्हाला मेसेज आला असेल ना? लिंक उघडून फक्त नावं भरायची होती. तीन वेळा पाठवला म्हणाले."

ललिताबाईंनी धरलेला हात सोडला.

"डिअर पेरेंट," त्या म्हणाल्या.

दुपारी ते सोसायटीत परतले तेव्हा गाडीच्या जागेपाशी अकरा माणसं रांगेत उभी होती, हातात रिकाम्या बाटल्या घेऊन. पुढे रंगराव, नव्या चपला घालून. त्यांच्या हातात रबरी नळी होती. संजयराव उतरले आणि कोणी सांगायच्या आत स्वतःच झाकण उघडलं. ज्याला जेवढं हवं तेवढं दिलं. ज्याने पाव लिटर दिलं होतं त्याला दोन लिटर दिलं. काटा अर्ध्याच्या खाली आला, तिथून आणखी खाली गेला, आणि गंमत म्हणजे ते उभ्या उभ्या कोसळले नाहीत. रंगरावांनी जाता जाता काचेवरच्या पाटीकडे बोट केलं.

"ती राहू द्या. आता खरी हाय."

रांगेत शेवटी रोहन होता. त्याने स्कूटर भरून घेतली, झाकण लावलं आणि खिशातून फोन काढला.

"काका, परेड लाइव्ह होती ना. आम्ही सगळ्यांनी माझ्या घरी टीव्हीवर पाहिली. रंगरावकाका तर उभे राहिले होते. दोन सेकंद तुम्हीपण दिसलात, रडताना. रेकॉर्डिंग पाठवलंय तुम्हाला, बघा."

ज्यांना आपण पाच दिवस फसवलं ते आपल्या पोराच्या परेडला उठून उभे राहिले होते. संजयरावांनी रोहनच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला, आणि रोहन कळवळला.

घरी येऊन त्यांनी फोन उघडला. मेसेज होता. नाव रोहनचं. खाली निळी लिंक. संजयराव तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. बोट दोनदा पुढे नेलं, दोनदा मागे घेतलं. मग उठले, खालच्या मजल्यावर गेले आणि रंगरावांची बेल वाजवली.

"रंगराव," ते म्हणाले, "ही आधी तुमच्या फोनवर उघडून बघता का?"